बिरादारसरांची कॉफी

"कॉफीनं माणूस मरतो का, अप्पा?"

पायांतल्या चपला काढायच्या आधीच मन्मथ बिरादारनं विचारलं.

चन्नवीर स्वामी मठाच्या ओट्यावर चिंचा फोडत बसले होते. पुढ्यात गोणपाट, त्यावर वाळलेल्या चिंचांचा ढीग, हातात छोटा बत्ता. वय ऐंशीच्या घरातलं, कपाळभर भस्म. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणी मेलंय का?"

"नाही..." मन्मथ म्हणाला. "अजून नाही."

"मग बस."

तो बसला. बसल्याबसल्या त्याचा एक गुडघा आपोआप हलू लागला. त्यानं तो हातानं दाबून धरला, तर हातच थरथरू लागला.

मठ उदगीरच्या पुढं, कर्नाटकाची हद्द सुरू होते तिथल्या एका बोडक्या माळावर होता. पूर्वी तिथं गरीब लेकरांचं वसतिगृह असे. वडील गेल्यावर आईनं मन्मथला तिथंच आणून सोडलं होतं, आणि दहावीपर्यंत तो स्वामींच्या हाताखाली वाढला. सगळी लेकरं स्वामींना अप्पा म्हणायची. पुढं लेकरं पांगली, वसतिगृह बंद पडलं. मन्मथचं येणंजाणं तेवढं राहिलं.

आता तो लातूरचा बिरादारसर होता. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं लांबून लांबून त्याच्याकडं भौतिकशास्त्र शिकायला येत. चौकाचौकांत त्याचे फलक होते. त्यांवर त्याचा हसरा फोटो, हातात वाफाळता मग, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'जागा राहील तो पुढे जाईल.'

तो मग काही फोटोपुरता नव्हता. सर कॉफीवर जगतात हे त्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक होतं. पहाटेच्या बॅचला तो स्टीलचा थर्मास घेऊन येई, शिकवता शिकवता झाकणात ओतून घेई, एक संपला की ऑफिसातून दुसरा मागवी. शिरेतून लावता आली असती तर किती वेळ वाचला असता, असं तो म्हणे आणि वर्ग खळखळून हसे. हळूहळू पोरांच्या बाकांवरही थर्मास दिसू लागले. मन्मथला त्याचं कौतुकच वाटलं.

आणि काल दुपारी, सराव परीक्षा चालू असताना, मयूरी डोईजोडे बाकावरून खाली कोसळली.

मयूरी त्याची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. कोसळली तेव्हा तिची बोटं आखडली होती, ओठ पांढरे पडले होते, आणि गळ्याजवळची शीर इतक्या जोरात उडत होती की ती लांबूनही दिसत होती. मन्मथनं स्वतःच्या गाडीत घालून तिला दवाखान्यात नेलं. तिथं तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं रडत रडत सांगितलं की कॉफी पुरेनाशी झाली म्हणून मयूरीनं मोबाइलवरून जागरणाच्या गोळ्या मागवल्या होत्या. कॅफीनच्या. त्या ती कॉफीबरोबरच घ्यायची.

संध्याकाळी तिचे वडील अहमदपूरहून आले. गोरोबा डोईजोडे, तिथं शिलाईचं दुकान चालवणारे. गडबडीत निघाले तसे आले होते, मोजपट्टी अजून गळ्यातच होती. मुलीला काचेतून बघून आल्यावर त्यांनी कुठून तरी कागदी कपात कॉफी आणली आणि दोन्ही हातांनी मन्मथपुढं धरली. सर, तुम्ही दुपारपासून उभे हाव, घ्या, असं म्हणाले. तुम्ही नसता तर ही पोरगी गावातच राहिली असती, असंही म्हणाले.

मन्मथला नाही म्हणता आलं नाही. तो ती प्याला.

तेवढ्यात डॉक्टर काझी बाहेर आल्या. निलोफर काझी, वयानं तरुण, बोलायला शांत. यापूर्वी मयूरीला कधी धडधड, चक्कर, डोळ्यांपुढं अंधारी असं काही झालं होतं का, असं त्यांनी विचारलं. गोरोबांनी ठामपणे मान हलवली. कधीच न्हाई, तिला साधा तापसुद्धा येत न्हाई. डॉक्टरांनी मन्मथकडंही पाहिलं.

मन्मथ कपाच्या तळाकडं बघत राहिला.

घरी गेला तरी त्याला झोप आली नाही. छातीत धडधडत होतं, पोटात आग पडली होती. उजाडताच बायकोला काही न सांगता त्यानं गाडी काढली, आणि आता तो इथं बसला होता.

हे सगळं त्यानं अप्पांना सांगितलं. डॉक्टरांचा प्रश्न तेवढा सांगितला नाही.

अप्पा ऐकत होते आणि चिंचा फोडत होते. टरफल एकीकडं, चिंचोका एकीकडं. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कॉफीत असतंय काय एवढं?"

हा प्रश्न मन्मथच्या ओळखीचा होता. त्याचा आवाज थोडा स्थिर झाला, वर्गातल्यासारखा. दिवसभर काम केलं की मेंदूत एक द्रव्य साचत जातं, असं त्यानं समजावून सांगितलं. ते त्याच्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की माणसाला थकवा कळतो, डोळे मिटायला लागतात. कॅफीन दिसायला थोडंफार त्या द्रव्यासारखंच. ते आधीच जाऊन त्या जागा अडवून बसतं. वरून शरीराला वाटतं काहीतरी संकट आलं, म्हणून काळीज जोरात चालतं, हात कापतात, पोटात आम्ल वाढतं. सहासात तासांनीसुद्धा त्यातलं निम्मं अंगात असतं.

"मग थकवा कुठं जातो?"

"कुठं जात नाही, अप्पा. कळत नाही एवढंच."

"साचत राहतो?"

"साचत राहतो... आणि जागा रिकामी झाली की एकदम अंगावर येतो."

अप्पांनी एक चिंच फोडली. बत्त्याचा आवाज मन्मथच्या डोक्यात घुमला. सकाळपासून त्यानं कॉफी घेतली नव्हती आणि कपाळाच्या दोन्ही बाजू ठणकत होत्या.

तो घाईघाईनं पुढं बोलू लागला. पण कॉफी काही विष नाही, असं त्यानं सांगितलं. जगभर लोक पितात. बेतानं घेतली तर यकृताला चांगली म्हणतात, लक्ष लागतं, मरगळ जाते. माणूस मरायला फार मोठी मात्रा लागते. गोळ्यांची गोष्ट निराळी, त्या तिनं कुणाला न विचारता घेतल्या. वर्गात आपण कधी गोळ्या घ्या म्हणालो नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं.

"दिवसाला दोनतीन कपांनी निरोगी माणसाचं काही बिघडत नाही," तो शेवटी म्हणाला.

"निरोगी माणसाचं," अप्पा म्हणाले.

एवढंच म्हणाले. पण मन्मथचा गुडघा पुन्हा हलू लागला.

...

फोन वाजला तेव्हा तो दचकलाच. गोरोबांचा फोन होता. सर, आज दुपारी सोडायलेत, असं ते सांगत होते. डॉक्टर म्हणल्या गोळ्यांचा अंमल उतरलाय, ठोके नीट पडायलेत, घरी नेऊन आठ दिवस आराम द्या. ते दुपारच्या एसटीनं लेकीला अहमदपूरला घेऊन जाणार होते. बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला. तुमचे लई उपकार झाले, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मन्मथनं डोळे मिटून श्वास सोडला.

"सुटलो, अप्पा."

"कोण सुटलं?"

"मी..." तो थांबला. "मयूरी. मयूरीला आज सोडतायत."

मन्मथ हसला, पण ते हसू त्याचं त्यालाच उसनं वाटलं. बातमी चांगली होती. काळजावरचा दगड बाजूला व्हायला हवा होता. तसं काही झालं नाही. उलट आत काहीतरी जास्तच घट्ट आवळलं गेलं. आता डॉक्टर पुन्हा काही विचारणार नव्हत्या. आता कुणीच काही विचारणार नव्हतं.

डोकं फारच ठणकू लागलं तसा तो उठला, गाडीतून थर्मास घेऊन आला. पुन्हा ओट्यावर बसला आणि झाकणात कॉफी ओतली. वास सुटला. हात असा कापत होता की थोडी बोटांवर सांडली.

अप्पांनी बत्ता खाली ठेवला. हात धोतराला पुसले. शेजारचं पाण्याचं फुलपात्र रिकामं करून त्यांनी ते मन्मथपुढं धरलं.

"मलाही दे."

मन्मथला वाटलं, थट्टा चालली आहे. अप्पांनी जन्मात चहासुद्धा घेतला नव्हता. पण फुलपात्र तसंच पुढं धरलेलं होतं.

"तुम्हाला नको."

"का?"

"नको म्हणजे नको. तुम्हाला चालायची नाही."

"तू पितोस. तुझी लेकरं पितात. आत्ताच म्हणलास, विष नाही."

"तुमची गोष्ट वेगळी आहे, अप्पा. तुमच्या काळजाचे ठोके मागेपुढे पडतात."

"तुला कोण सांगितलं?"

"कोण म्हणजे? मीच नाही का तुम्हाला लातूरला नेलं, दिवाळीच्या आधी? तुम्हीच म्हणाला होता ना, पायऱ्या चढताना डोळ्यांपुढं अंधारी आली..."

आणि मन्मथ तिथंच थांबला.

झाकण त्याच्या हातात होतं. कॉफीवर बारीक लाटा उठत होत्या.

हेच शब्द. अगदी हेच. महिना झाला असेल. सकाळची बॅच सुटली होती, दुसरी दाराशी उभी होती, आणि मयूरी वह्या छातीशी धरून त्याच्या टेबलाजवळ घुटमळत होती. सर, छातीत मधेच काहीतरी सुटल्यासारखं पळतं, असं ती म्हणाली होती. परवा पायऱ्या चढताना डोळ्यांपुढं अंधारी आली. कुणाला सांगावं कळेना.

मन्मथनं घड्याळ बघितलं होतं. मग हसून म्हणाला होता, परीक्षा जवळ आली की धडधडलंच पाहिजे, त्याशिवाय अभ्यास होत नाही. आणि आपल्याच थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून तिच्यापुढं केली होती. सरांच्या झाकणातली कॉफी म्हणजे मोठाच मान होता. ती लाजली होती आणि उभ्या उभ्या प्याली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं वर्गात सांगितलं होतं, मयूरी घाबरते पण थांबत नाही. वर्गानं टाळ्या वाजवल्या होत्या.

अप्पांना अंधारी आली असं कळलं, त्या दिवशी मात्र त्यानं बॅच सोडून गाडी काढली होती.

फुलपात्र अजून तसंच पुढं होतं. म्हातारा हात, शिरा वर आलेला, पण जराही हलत नव्हता.

"दे की."

"नाही देणार."

अप्पांनी फुलपात्र खाली ठेवलं आणि पुन्हा चिंचा फोडायला घेतल्या.

मन्मथनं झाकण खाली ठेवलं. मग बोलू लागला. खाली बघून, अडखळत, सगळं सांगितलं. टेबलाजवळची मयूरी, घड्याळ, झाकण, टाळ्या. काल डॉक्टरांनी काय विचारलं तेही. आपण गप्प का राहिलो तेही. हे बाहेर पडलं असतं तर वर्गाचं काय झालं असतं, पालक काय म्हणाले असते, ऐन परीक्षेच्या तोंडावर चौकातल्या फलकाखाली लोक काय बोलले असते... हे सगळं त्या एका क्षणात डोक्यात येऊन गेलं होतं.

सांगून झाल्यावर तो अप्पांकडं बघत राहिला. त्यांनी रागवावं असं त्याला वाटत होतं. लहानपणी रागवत तसं. नाहीतर पाठीवर हात तरी ठेवावा.

अप्पांनी चिंचोका बाजूला टाकला.

"मला कशाला सांगायलास?"

...

मन्मथ उठून आवारातल्या चिंचेखाली गेला आणि डॉक्टरांना फोन लावला. तो उचलला जाईपर्यंत त्याला वाटत होतं, उचलला न गेला तर बरं.

डॉक्टर काझींनी उचलला. त्यानं सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मग त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. धडधड अचानक सुरू व्हायची का, अचानक थांबायची का? अंधारी आली तेव्हा तिनं त्याआधी काही खाल्लं होतं का? घरात कुणी तरुणपणी एकाएकी गेलं आहे का? मन्मथला बहुतेक प्रश्नांची उत्तरं ठाऊक नव्हती. त्यानं तेव्हा विचारलंच नव्हतं.

"हे काल सांगायला हवं होतं, सर," डॉक्टर म्हणाल्या. "मी तिचं घरी जाणं थांबवते."

मन्मथ परत ओट्याशी आला. जातो म्हणाला. अप्पांनी मान हलवली. थर्मास ओट्यावर तसाच राहिला, त्याच्या ध्यानातही आला नाही.

लातूरला पोचेपर्यंत त्याला घाम फुटला होता. मळमळत होतं, डोकं फुटायची वेळ आली होती. वाटेत दोनदा त्यानं गाडी कडेला घेतली. परत फिरावं असं दोन्ही वेळा वाटलं. दवाखान्यात पोचला तेव्हा गोरोबा वरच्या मजल्यावरच्या बाकावर बसले होते. शेजारी भरून ठेवलेली पिशवी, तिच्यावर मयूरीच्या चपला. त्याला बघून ते लगबगीनं उठले. सर, काय झालं कळंना, डॉक्टर सोडत न्हाईत म्हणायलेत, असं काकुळतीनं विचारू लागले.

डॉक्टरांनी त्यांना अजून कारण सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम त्या आपल्यावर सोडून गेल्या आहेत, हे मन्मथच्या लक्षात आलं.

त्यानं सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, आणि काही गाळलं नाही.

गोरोबा ऐकत होते. मधेच त्यांनी पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मन्मथला सोपं गेलं असतं.

"ती तुम्हाला म्हणली..." गोरोबा म्हणाले. "मला न्हाई म्हणली. तिला वाटलं असंल, बापाला काय कळतंय, सर हायेत की."

मन्मथ पिशवीवरच्या चपलांकडं बघत राहिला.

"तुम्ही खाली बसा, सर. इथं नका थांबू."

तो खाली जाऊन पायरीवर बसला. कुणी चहा घेणार का विचारलं, त्यानं नको म्हणून मान हलवली. संध्याकाळी वर एकदम धावपळ झाली. एक नर्स जिन्यावरून पळत खाली आली, कसलंसं इंजेक्शन घेऊन पळत वर गेली. मन्मथ उठून उभा राहिला. वर जायचं धाडस होईना, खाली बसवेना. आपलं स्वतःचं काळीज कानात वाजतं आहे आणि त्यापलीकडचं काहीच ऐकू येत नाही, असं त्याला झालं.

बऱ्याच वेळानं डॉक्टर काझी खाली आल्या. तिचे ठोके पुन्हा उधळले होते, म्हणाल्या. गोळ्यांचा अंमल उतरलेला असतानाही. पण यंत्र लावलेलं होतं, माणसं जवळ होती, आटोक्यात आले. उद्या सोलापूरला पाठवू.

"ती एसटीत असती तर..." मन्मथनं विचारलं.

डॉक्टरांनी त्याच्याकडं पाहिलं आणि त्या वर गेल्या.

सोलापूरच्या हृदयतज्ज्ञांना कारण सापडलं. मयूरीच्या हृदयात जन्मापासूनच विजेची एक जादा वाट होती. कॉफीनं किंवा गोळ्यांनी ती तयार केली नव्हती. पण अपुरी झोप, उपाशी पोट, वरून तेवढं कॅफीन... त्यामुळं ठोके पुन्हा पुन्हा त्या वाटेवर घसरत होते. मांडीच्या शिरेतून बारीक तार आत नेऊन त्यांनी ती वाट बंद करून टाकली. मयूरी वाचली. त्या वर्षीची परीक्षा मात्र तिची हुकली.

मन्मथनं कॉफी सोडली. सोडली म्हणण्यापेक्षा त्याला ती घोटवेना. पहिले काही दिवस डोकेदुखीनं तो अंधाऱ्या खोलीत पडून होता. एवढ्या वर्षांचा थकवा एकदम अंगावर आल्यासारखा झोपत होता, आणि बायको मधूनमधून येऊन त्याचा श्वास चालू आहे ना बघून जात होती. उठला तेव्हा पहिलं काम म्हणून चौकातले फलक उतरवून घेतले. काही पालकांनी पोरं काढली. एकदोघांनी तोंडावर बोलून दाखवलं. त्यानं ऐकून घेतलं.

परीक्षा आटोपल्यावर तो अहमदपूरला गेला. गोरोबा मशीनवर बसले होते. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली, बोलले मात्र फारसे नाहीत. मयूरी आतून आली. थोडी वाळली होती, पण डोळे स्वच्छ होते. घरीच अभ्यास करून पुढल्या वर्षी परीक्षा देणार असं तिनं सांगितलं. तो निघाला तेव्हा ती दुकानाच्या पायऱ्यांपर्यंत आली.

"सर, आता पायऱ्या चढले तरी काही होत नाही," ती म्हणाली. तिनं सांगितलं ते इतक्या सहज, की मन्मथला गाडीत बसल्यावर काही वेळ किल्लीच लावता आली नाही.

...

नवी बॅच सुरू व्हायच्या आधी तो मठात आला. अप्पा दुपारची वामकुक्षी आटोपून ओट्यावर बसले होते. मन्मथनं त्यांच्या पायांवर डोकं टेकलं आणि समोर बसला. चेहरा भरला होता, हात स्थिर होते. बोलणं मात्र पुन्हा पूर्वीसारखं भरभर सुरू झालं.

यंदा वर्गात कॉफी बंद, असं त्यानं सांगितलं. थर्मास दारातच काढून घेणार. पहाटेची बॅच रद्द. पहिल्याच दिवशी तो स्वतः कॅफीनवर व्याख्यान देणार होता, पडद्यावर चित्रं दाखवून. मेंदूवर काय होतं, काळजावर काय, झोपेवर काय, किती चालतं, कुणाला मुळीच चालत नाही, सगळं. भिंतीवर मोठा तक्ता लावणार, दर महिन्याला डॉक्टर बोलावणार. असा वर्ग अख्ख्या लातुरात दुसरा नसेल, असं तो म्हणाला. आणि म्हणताना त्याची मान जराशी ताठ झाली, ते त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलं.

अप्पा माळाकडं बघत होते.

मन्मथ थांबला. माळावरून वारं येत होतं. लांब कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"चुकतंय का काही, अप्पा?"

"चुकत नाही. तक्ता लाव."

"मग?"

अप्पांनी त्याच्याकडं नीट बघितलं.

"त्याच्या आधी एकेका लेकराला विचार, बरं आहे का म्हणून," ते म्हणाले. "आणि उत्तर येईस्तोवर थांब."